मेंदूच्या स्कॅनची पूर्वतयारी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द या वेळी मी रीत म्हणून लिहीत नाही. गेल्या आठवड्यात आठही अंगं जमिनीला टेकवून पडण्याचा प्रसंग माझ्यावर खरोखर आला, तोही परक्या माणसांसमोर. ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींना नवा चष्मा मानवला का, की अजून जुना नाकावर ठेवून नवा शोधणं चालू आहे? गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला तुम्ही पुन्हा शिडीवर चढू लागलात असं मामी म्हणाल्या. चढू नका. एवढंच लिहून थांबते, कारण कुणाला उपदेश करण्याची माझी लायकी सध्या फारशी उरलेली नाही.

आई बरी आहे. हे वाक्य मुद्दाम आधी लिहून टाकलं. 'बरी' या शब्दाकडे मी खूप वेळ बघत बसले होते. मुद्रितं तपासण्यात निम्मं आयुष्य गेल्यामुळे शब्द जागेवर नीट बसला नाही तर मला पुढे सरकता येत नाही. 'उत्तम' लिहिलं तर खोटं होईल, 'ठीक' लिहिलं तर तुम्ही घाबराल, आणि 'स्थिर' हा दवाखान्यातला शब्द आहे, तो मी आता परत त्यांच्याकडेच ठेवला आहे. ती बोलते, जेवते, वॉर्डातल्या नर्सला "एका वेळी एकीनेच बोलायचं" म्हणून दटावते. म्हणजे बरीच. 'वॉर्ड' हा शब्द वाचून तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल तर कृपा करून परत उचला. फोनवर मी 'डॉक्टर' म्हटलं की नेमकं तुमच्या दारावर कुणीतरी येतं आणि तुम्ही "बरं बरं, ठेवतो गं" म्हणता. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला दार वाजल्याचं कारण सांगता येत नाही.

सगळ्याची सुरुवात हवेच्या उशीने झाली. आईची पाठ दुखते म्हणून मी तिला रबरी उशी आणून दिली. सोबत छोटा पंपही होता. आई म्हणाली, "फुंकायला पंप कशाला? एवढं तोंड आहे की!" आणि बसली फुंकायला. उशी फुगत आली, टम्म झाली, आणि तिच्या उजव्या हातातून सुटून तिच्याच तोंडावर फुस्स करत रिकामी झाली. मला हसू आलं. (त्या हसण्यावर मी रोजनिशीत एक अख्खं पान खर्ची घातलं आहे. ते तुम्हाला पाठवत नाही.) मग दिसलं की ती उशी उचलायला जाते आहे आणि तिचा हात येत नाही. मांडीवर पडून राहिला आहे, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने बोटं हलली, मूठ वळली. "डुलकी लागली होती त्याला," आई म्हणाली, हात म्हणजे मागच्या बाकावरचा एखादा मुलगा असावा तशी.

पहिल्या स्कॅनमध्ये कळलं की डाव्या बाजूने मेंदूकडे जाणारी एक मोठी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली आहे. आमच्या डॉक्टर वयाने लहान आहेत. आई त्यांना 'पोरगी' म्हणते, तोंडावर. त्यांनी आईला 'आजी' म्हणून पाहिलं, तेव्हा आईने "आजी घरी. इथे बाई म्हणा" असं सांगितलं, आणि तेव्हापासून तिथला झाडून सगळा दवाखाना तिला बाई म्हणतो. तर डॉक्टर म्हणाल्या की वाहिनी अरुंद आहे एवढं कळलं, पण तिच्या पलीकडे रक्त पुरेसं पोचतं की नाही हे या चित्रात दिसत नाही. मोठी वाट अडली की आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून मदतीला येतात. त्यांच्यात अजून रुंदावायची ताकद शिल्लक आहे, की होती नव्हती ती सगळी आधीच वापरून झाली, हे बघायला दुसरी तपासणी असते. त्यात यंत्रात झोपलेल्या माणसाला थोडा थोडा वेळ श्वास रोखायला सांगतात. श्वास रोखला की चांगल्या वाहिन्या उघडतात आणि चित्रात तो भाग उजळतो. जो भाग उजळत नाही, तिथे शिल्लक संपली. शिल्लक असेल तर गोळ्यांवर भागेल. नसेल तर डोक्याचं ऑपरेशन. ते केलं नाही तर एखाद्या दिवशी तो हात परत यायचाच नाही, आणि बाजू डावी असल्यामुळे हाताबरोबर बोलणंही जाईल.

बोलणं, मामा. आईचं. घरी येताना ती रिक्षावाल्याला गतिरोधकाची व्याख्या सांगत होती.

आता ज्या बाईचा जन्म शाळा चालवण्यात गेला, तिने यातून काय घ्यावं? तिचं म्हणणं असं: निकाल चांगला लागला तर ऑपरेशन नाही, निकाल अवलंबून श्वासावर, तर श्वासाची तयारी करायची. मी म्हटलं, "अगं आई, यात पास व्हायचं नसतं. जे आहे ते दिसू द्यायचं असतं." त्यावर ती म्हणाली, "जे आहे ते दाखवणारी मुलं माझ्या शाळेत नापास व्हायची." (वाक्य चुकीचं आहे हे नक्की, पण चूक कुठल्या शब्दात आहे ते अजून सापडत नाही.) दवाखान्याने दिलेल्या सूचनांत 'घरी एकदोनदा सराव करावा' असं होतं. तेवढा आधार तिला पुरला. सकाळी सराव, दुपारी सराव, संध्याकाळी उजळणी. स्वयंपाकघरातलं घड्याळ बाहेरच्या खोलीत आलं. नाक दाबून ती भिंतीकडे बघत बसायची आणि मी समोर बसून तिच्या ओठांचा रंग बघायचे. शेजारीण साखर मागायला आली तेव्हा आईने नाक न सोडता डब्याकडे बोट दाखवलं. त्या बिचारीला वाटलं घरात कसला तरी वास येतोय. ती साखर न घेताच गेली.

आणि मग तिने तुम्हाला फोन केला. लहानपणी तलावात बुडी मारून तुम्ही इतका वेळ वर यायचा नाहीत की काठावर रडारड व्हायची, हे मी जन्मल्यापासून ऐकते आहे. त्यामागची युक्ती तुम्ही त्या दिवशी तिला सांगितलीत. आधी भराभर, खोल, दमदार श्वास घे, डोकं हलकं होईपर्यंत. मग रोख. हवा तेवढा टिकतो. आणि असंही सांगितलंत की घरी वापरून वाया घालवू नकोस, ठेवणीतला डाव आहे, त्या दिवशीच काढ. तुमचा यात दोष नाही. (हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. आता आहे तसं राहू दे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी तर फोनला कान लावून शेजारी बसले होते आणि मनात म्हणत होते, मामा किती छान समजावून सांगतात!)

तपासणीच्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून निघाली. तिथे गेल्यावर ती सोडून दवाखान्याचा झगा घालावा लागला हा तिचा पहिला अपमान. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ उंच, सावकाश बोलणारा माणूस होता. आईने बघताक्षणी त्याला पर्यवेक्षकाच्या जागी बसवलं. म्हणजे त्याच्याशी नम्रपणे वागायचं, पण त्याला आपल्यापेक्षा जास्त येतं असं मानायचं नाही. त्याने तिला विचारलं, शरीरात कुठे धातू आहे का. ती म्हणाली, "आवाजात आहे, असं मुलं म्हणायची." तो हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर असं दिसलं की त्याने हे कुठेतरी लिहून घ्यावं की काय असा विचार चालवला आहे.

यंत्र म्हणजे केवढं तरी मोठं लोहचुंबक, त्यामुळे आत लोखंडाचं काही न्यायचं नाही. नातेवाइकांपैकी एकाला आत बसू देतात, कानात बोळे घालून. मी केसांतल्या पिना काढल्या, घड्याळ काढलं, दारापर्यंत गेले, परत आले, चपलेच्या टाचेत खिळा असेल असं वाटून चप्पल काढली, परत गेले, मग दातात भरलेल्या चांदीबद्दल विचारायला परत आले. चांदी चालते. मग मी म्हटलं, शाळेत असताना पायात टाचणी गेली होती.

"निघाली ना ती?" त्याने विचारलं.

"निघाली असं सगळे म्हणतात."

"तुम्ही पाहिलीत?"

"मी डोळे मिटले होते."

त्याने मान वळवून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "टाचणी मी स्वतः काढली आहे. आता हिला आत घ्या, नाहीतर माझा वेळ संपेल." तेव्हा मला आत घेतलं.

आईला फळीवर झोपवलं, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, कानांवर जाड टोप्या चढवल्या. डाव्या हातात सलाइनची सुई होती, म्हणून उजव्या हातात एक रबरी गोळा दिला. काही त्रास झाला तर दाबायचा, बाहेर घंटा वाजते. उजव्या हातात. मामा, नेमका जो हात डुलक्या काढतो त्यात. मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी टाचणीबद्दल विचारलं. मला पायथ्याशी खुर्ची दिली आणि बजावलं की मधे उठायचं नाही, पेशंटला हात लावायचा नाही, कितीही आवाज झाला तरी. मी मान हलवली. नियम पाळण्यात मी आजवर कुणाला हार गेलेले नाही.

आवाज सुरू झाला. पत्र्याच्या पिंपात कुणाला तरी कोंडून बाहेरून हातोडे मारावेत तसा. मधेच थांबायचा आणि वरच्या स्पीकरमधून तंत्रज्ञाचा सावकाश आवाज यायचा: "बाई, श्वास रोखा." मग हातोडे. "सोडा. आता साधा श्वास घ्या." पहिली फेरी व्यवस्थित झाली. मला दिसत होते ते आईचे पाय, पांघरलेली चादर आणि गोळा धरलेला हात. बाकी आई यंत्राच्या तोंडात. आणि मग दुसऱ्या फेरीच्या आधी चादर हलू लागली. वर, खाली, वर, खाली, लोहाराच्या भात्यासारखी. मला क्षणभर आनंद झाला. ठेवणीतला डाव!

"बाई, साधा श्वास घ्या," स्पीकर म्हणाला. "एवढा जोरात नको."

भाता चालूच. "बाई? ऐकू येतंय का?" (आलं होतं. नंतर तिनेच कबूल केलं. पर्यवेक्षकाने सूचना वाचायच्या असतात, उत्तर कसं लिहायचं ते नाही सांगायचं, असं तिचं म्हणणं.) "बरं. रोखा." चादर थांबली. हातोडे सुरू झाले. आणि माझ्या डोळ्यांसमोर तिची मूठ उघडली. हळूच. एकेक बोट निसटत गेलं. रबरी गोळा तिच्या तळव्यावर थोडा वेळ डुगडुगला आणि कडेवरून खाली पडला, नळीला लोंबकळत राहिला.

मामा, मी तुम्हाला हे हसवण्यासाठी लिहायला घेतलं होतं. इथे मला ते जमत नाही. मी त्या लोंबत्या गोळ्याकडे बघत होते आणि मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, हात झोपलाय, ऊठ. दुसरं म्हणत होतं, उठायचं नाही असं सांगितलंय, हललीस तर चित्र बिघडेल, मग सगळं पहिल्यापासून, आणि कदाचित तिने दमून गोळा सोडला असेल, तुला नेहमी वाईटच सुचतं. हातोडे पडत होते. भांडण फार वेळ चाललं नसेल. पण चाललं. मग स्पीकर म्हणाला, "सोडा, बाई," आणि तिचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला कलंडला. तेव्हा मी उठले, काचेकडे हात करत धावले, बोळे घातलेल्या कानांनी स्वतःचं ओरडणं लांबून ऐकलं, आणि खुर्चीच्या पायात पाय अडकून लांबच्या लांब पडले. साष्टांग. तंत्रज्ञाला काचेतून आईचा हात दिसत नव्हता, पण मी दिसले. त्याने यंत्र थांबवलं. म्हणजे माझा धांदरटपणा माझ्या विवेकापेक्षा लवकर कामाला आला. यावर मी अजून विचार करते आहे.

फळी बाहेर ओढली. आईचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डोळे उघडे, आणि त्यात राग. राग बघून मला इतका धीर आला म्हणून सांगू! डॉक्टर धावत आल्या, पाय उंच केले, सलाइन जोरात सोडलं. "बाई, बोला. तुमचं नाव सांगा."

"फळा," आई म्हणाली.

"बरं. ही कोण?" माझ्याकडे बोट.

आईने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. "फळा," ती म्हणाली, आणि तिला कळलं की हे चुकलं. तिने परत प्रयत्न केला. "फळा. फळा!" जन्मभर जिने दुसऱ्यांच्या तोंडातले शब्द दुरुस्त केले, तिला एकच शब्द शिल्लक होता आणि तो प्रत्येक ठिकाणी चुकत होता. मी तिचा हात धरला होता. (आता हात लावायची परवानगी होती. मी विचारलं होतं.) डॉक्टर सारखं सांगत होत्या, हळू श्वास, बाई, हळू, माझ्याबरोबर. किती वेळ गेला मला माहीत नाही. तिथे घड्याळ नव्हतं आणि माझं मी काढून ठेवलं होतं. मग तिच्या बोटांनी माझी बोटं पकडली. आधी सैल, मग घट्ट, मग दुखेपर्यंत. आणि ती म्हणाली, जीभ जडच होती, पण म्हणाली, "पेपर पूर्ण झाला का?"

मी तिथेच खाली बसले. रडले की हसले हे तंत्रज्ञाला विचारावं लागेल.

त्यांनी तिला तशीच परत आत ढकलून आणखी चित्रं काढली. कायमची इजा झालेली नाही. डॉक्टरांनी नंतर आम्हाला पडद्यावर दाखवलं. उजवी बाजू उजळलेली, डावीकडे कपाळापासून कानामागपर्यंत राखेसारखा पट्टा. त्या म्हणाल्या, "बाई, भराभर खोल श्वास घेतला की रक्तातला एक वायू उडून जातो. त्या वायूमुळेच मेंदूच्या वाहिन्या उघड्या राहतात. तो गेला की त्या आक्रसतात. माझ्यासारखीला नुसती घेरी येईल. तुमची वाहिनी आधीच एवढीशी, पलीकडे रक्त जाणार कुठून? उशी फुंकताना हेच झालं होतं. कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

आई म्हणाली, "माझ्या भावाने. तो त्यात पहिला यायचा."

"पहिले येणारे पुष्कळ जण पाण्यातून वर येत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. (हे तुम्हाला कळवावं की नाही यावर मी एक संध्याकाळ घालवली. कळवते आहे.)

मग आईने वाद घातला. परीक्षार्थी आजारी पडल्यामुळे हा निकाल धरू नये, फेरपरीक्षा घ्यावी. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की याहून स्पष्ट उत्तरपत्रिका त्यांनी पाहिलेली नाही. डाव्या बाजूला शिल्लक काही नाही. ऑपरेशन करावं, आणि लवकर. मोठे डॉक्टर, म्हणजे शस्त्रक्रिया करणारे, त्यांनी येऊन समजावलं. कानाजवळून कातडीला रक्त पुरवणारी एक वाहिनी जाते. ती कवटीच्या छोट्या खिडकीतून आत घ्यायची आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वाहिनीला शिवायची. अडलेली वाट तशीच राहते, रक्त दुसरीकडून येतं.

"म्हणजे मागच्या दाराने प्रवेश," आई म्हणाली. "माझ्या शाळेत मी तो कधी कुणाला दिला नाही."

"शाळेत अडलं नव्हतं, बाई. इथे अडलंय," मोठे डॉक्टर म्हणाले. आईला उत्तर आवडलं असं मला वाटलं. पण होकार तिने दिला नाही. "विचार करते," म्हणाली, आणि तेव्हापासून विचारच करते आहे. तिला वॉर्डातच ठेवलंय, खिडकीजवळची खाट आहे. जोरात बोलायचं नाही, रागवायचं नाही, फुंकायचं नाही. चहासुद्धा आपोआप निवेपर्यंत तिच्यासमोर ठेवून मी पहारा करते. तिच्या तोंडून एखादा शब्द यायला जरासा उशीर झाला की मी तिच्या उजव्या हाताकडे बघते. काल ती चमच्याला काय म्हणायचं ते आठवत थांबली, की मला खिजवायला थांबली, हे मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. मोठे डॉक्टर रोज दारातून विचारतात, "काय ठरलं, बाई?" ती रोज म्हणते, "घाई आहे का?" आणि ते रोज म्हणतात, "आहे."

असो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मामींना नमस्कार. शिडीचं लक्षात ठेवा.

तुमची भाची

ता. क. मामा, खरं म्हणजे पत्र इथून सुरू होतं. डॉक्टरांनी आईला विचारलं, सख्खी भावंडं किती. काही घरांत हे अरुंद होणं रक्तातूनच येतं म्हणे. भाऊ एकच आहे, आई म्हणाली. मग म्हणाली, "तो माउथऑर्गन वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी एका गाण्याच्या मधेच थांबला. 'ओठ दमले' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बाजा कुणाला तरी देऊन टाकला." त्या दिवशी मीही तिथे होते. तुमच्या बशीतला बिस्किटाचा तुकडा तुम्ही डाव्या हाताने उचललात, आणि मला वाटलं, मामा लहर आली की काहीही करतात. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं, ते कधी येऊ शकतात? माझी तपासणी झाली. माझ्या वाहिन्या स्वच्छ आहेत (टाचणीही नाही). आईचं म्हणणं असं की दादा, म्हणजे तुम्ही, त्या यंत्रात झोपल्याशिवाय ती ऑपरेशनला हो म्हणणार नाही. मी समजावलं, हात जोडले, भांडलेसुद्धा, अर्थात हळू आवाजात. ती हलत नाही. तेव्हा तिचा होकार आता तुमच्या हातात आहे. येत्या बुधवारी सकाळची वेळ मी तुमच्या नावाने घेऊन ठेवली आहे. विचारल्याशिवाय घेतली, त्याबद्दल क्षमा.

ता. क. दादा, ही पत्र खाटेजवळच्या टेबलावर ठेवून औषधं आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. अक्षर वाकडं आलंय, उजव्याच हाताने लिहिलंय हे महत्त्वाचं. पत्र पाल्हाळिक आहे. रिक्षावाल्याला मी गतिरोधकाची व्याख्या नाही, उपयोग सांगत होते. चमच्याचं नाव मला खरंच आठवत नव्हतं. ते तिला सांगू नकोस. होकार मी कालच मोठ्या डॉक्टरांना दिला आहे, गुरुवारी करणार आहेत. तुझ्या तपासणीची अट मी नुसती धाक म्हणून घातली, कारण नुसतं 'ये' म्हटलं तर तू येत नाहीस. हिला खरं कळू देऊ नकोस. हिला खोटं पोटात ठेवता येत नाही, फोनवर तुझ्या एका प्रश्नात ओकून टाकेल. युक्ती तू चांगल्या मनाने सांगितलीस. मला भीती तुझ्या रागाची नाही, तुझ्या ओठांची आहे.

ता. क. मामा, पाकीट बंद करण्याआधी मी काहीही एकदा तरी वाचतेच, हे आईला माहीत आहे. तेव्हा वरचं तिने तुम्हाला लिहिलं की मला, हे मी ठरवू शकत नाही. ते पान काढून टाकावं असं माझ्या मनात आलं. मग अट तशीच राहिली असती, आणि बहिणीचा जीव तुमच्यावर अडलाय असं समजून तुम्ही धावत आला असता. पान काढायला मी हातही घातला होता. नाही जमलं. म्हणून आता खरं तेवढंच उरतं. तुम्ही आलात नाही आलात, आई गुरुवारी आत जाणार. तुमच्या येण्यावर तिचं काही अडलेलं नाही. अडलं असेल तर तुमचंच, आणि ते किती, हे तुम्हालाही ठाऊक नाही. उत्तर लिहीत बसू नका. तेवढ्या वेळात तिकीट काढून होतं.